उन्हाळ्याच्या पत्रावरची सही

माझ्या खोलीपर्यंत यायला बावीस पायऱ्या होत्या. लाकडी, मधोमध झिजलेल्या, आणि लिफ्ट नाही. फिजिओथेरपीची खोली तळमजल्यावर न्यावी, दुखऱ्या पायांच्या मुलांना जिना चढायला लावणं बरं दिसत नाही, असा प्रस्ताव कॉलेजच्या क्रीडा विभागाने दोनदा आणला. दोन्ही वेळा मी तो हाणून पाडला. कुबड्या घेऊन येणाऱ्यांसाठी मी स्वतः खाली जाऊन बसायचे, पण बाकीच्यांनी वरच यायचं, हा माझा हट्ट. कारण डब्लिनच्या त्या कॉलेजात अठरा वर्षं नोकरी करून मी जे शिकले, त्यातलं निम्मं त्या जिन्याने शिकवलं. मी दाराकडे पाठ करून टेबलाशी बसायचे आणि ऐकायचे. डावं पाऊल जोरात, उजवं अलगद, म्हणजे उजवा घोटा. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, म्हणजे गुडघा. आधी धावत आणि शेवटच्या पाच पायऱ्या कण्हत, म्हणजे काहीही झालेलं नाही, उद्या परीक्षा आहे.

कान एवढे तयार करावे लागले, कारण आयरिश खेळाडू तोंडाने काही सांगत नाही. कसं आहे विचारलं की "ग्रँड," म्हणजे मस्त. एकदा एक फुटबॉलपटू करंगळीचं हाड मोडलेला हात खिशात घालून माझ्यासमोर वीस मिनिटं बसला होता आणि हवापाण्याच्या गप्पा मारत होता. पुण्यात कर्वे रोडला माझं छोटंसं क्लिनिक होतं, तिथे बरोबर उलट. पेशंटबरोबर त्याची आई, कधी मावशी, एखादा शेजारीसुद्धा. प्रश्न पेशंटला विचारायचा आणि उत्तर आईने द्यायचं. "रात्री झोपत नाही हो हा. आणि पाण्याची बाटली उचलायला सांगितली की दुखतं." यजमानांच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमागोमाग मी आयर्लंडला आले, परवान्याच्या परीक्षा देऊन कॉलेजात लागले, तेव्हा वीस-वीस वर्षांची पोरं एकटी येऊन मला "मेधा" अशी नावाने हाक मारताना पाहून मी काही दिवस दचकत होते. पुढे सवय झाली. एका गोष्टीची मात्र पुरती झाली नाही, आणि आज लिहायला बसले आहे ते त्याबद्दल.

आधी धंदा समजावून सांगते. हर्लिंग हा इथला जुना खेळ. हातात ॲश नावाच्या झाडाची, पुढे सपाट पसरलेली काठी, आणि हवेतून गोळीसारखा जाणारा चामड्याचा चेंडू. हॉकी खेळताना कुणीतरी भांडण काढावं, तसं ते मला पहिल्यांदा दिसलं. मुली खेळतात त्याला कमोगी म्हणतात, आणि मुली मुलांपेक्षा कमी भांडतात हा गैरसमज आहे. चांगल्या खेळाडूला हिवाळ्यात कॉलेज खेळवतं, वसंतात काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, संघ बोलावतो, मधल्या रविवारी गावचा क्लब सोडत नाही. मग येतो उन्हाळा. अंगाला विश्रांती मिळण्याचे तेवढेच तीन महिने असतात. आणि नेमकं तेव्हा अमेरिकेतून आमंत्रण येतं.

बॉस्टन, न्यूयॉर्क, शिकागो, जिथे जिथे आयरिश माणूस पोचला, तिथे तिथे या खेळांच्या उन्हाळी लीग आहेत. तिथले क्लब इथल्या कॉलेजातल्या मुलामुलींना तिकीट पाठवतात, राहायला खोली आणि कुठेतरी रंगकाम नाहीतर हॉटेलात काम मिळवून देतात. बदल्यात रविवारी मैदानात उतरायचं. विशीतल्या पोराला याहून काय हवं? पण आमच्या कॉलेजात क्रीडा शिष्यवृत्ती असलेल्यांना बाहेर खेळायचं तर फिजिओचं पत्र लागे. हा खेळाडू उन्हाळ्यात खेळायला योग्य आहे, खाली माझी सही. सगळे त्याला नुसतं "पत्र" म्हणत. मे महिना उजाडला, की माझ्या जिन्यावर एरवी कधी न दिसणारी आदबशीर पावलं वाजू लागत, आणि मला फुलं, चॉकलेटं, एकदा तर घरच्या कोंबड्यांची डझनभर अंडी मिळाली. अंडी घेतली. सही केली नाही.

नाही म्हणणं सोपं नसे. एका उंच, हसऱ्या पोराला मी एकदा भिडेखातर पत्र दिलं होतं. मांडीमागचा स्नायू अजून कच्चा होता, पण तो इतका गोड बोलला, की मी विरघळले. ऑगस्टात तो छान रापून परत आला, आणि दोन्ही मांड्यांचे स्नायू फाडून घेऊन आला. पुढचं अख्खं वर्ष तो माझ्या टेबलावर पालथा पडून असे. त्यानंतर मी कडक झाले. जिन्याखाली पोरं मला काय म्हणायची ते मला ठाऊक होतं, इथे लिहीत नाही.

आपली माणसंही येत. नागपूरहून मास्टर्स करायला आलेला एक वेगवान गोलंदाज होता. त्याला क्लब क्रिकेटच्या उन्हाळी लीगमध्ये खेळायचं होतं आणि पाठ कुरकुरत होती. त्याने आल्या आल्या फोन समोर टेकवला आणि व्हिडिओ कॉलवर आईला घेतलं. "मॅडम, खेळू द्या जी पोराला," त्या म्हणाल्या, "फक्त उन्हात नका पाठवू." मी खिडकीबाहेर पाहिलं. जून महिना होता, पोरं स्वेटर घालून चालली होती. उन्हाची हमी मी त्यांना तिथल्या तिथे देऊन टाकली. पाठीचं सगळं त्यांनाच समजावलं, आठवड्यात किती षटकं टाकायची ते त्यांनीच लिहून घेतलं, आणि पोराने मुकाट्याने पाळलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. वाटलं, खरी पद्धत हीच. आईला सांगितलं की काम होतं.

त्याच्या पुढच्याच वर्षीची नीव्हची गोष्ट.

नीव्ह वॉटरफोर्डकडच्या एका खेड्यातली, गाईंचा गोठा असलेल्या घरातली. कमोगीत बचावाच्या मधल्या जागी खेळायची आणि तिच्या बाजूने चेंडू पुढे जात नसे. आदल्या वर्षी तिच्या डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं. शस्त्रक्रिया झाली, आणि पुढचे नऊ महिने ती आठवड्यातून तीनदा माझ्या बावीस पायऱ्या चढत होती. सुरुवातीला एकेका पायरीवर दोन्ही पाय, मग एक पाय, मग दोन-दोन पायऱ्या गाळत. असा गुडघा वरून पाहिला तर लवकर बरा दिसतो. आत बसवलेला धागा मात्र आपल्या वेळेनेच पक्का होतो, त्याला घाई समजत नाही. आम्ही एका पायावर लांब उडी मारायला लावतो आणि दोन्ही पायांची तुलना करतो. मे महिन्यात नीव्हची डाव्या पायाची उडी उजव्यापेक्षा वीतभर कमी पडत होती.

"ग्रँड आहे मी," ती म्हणाली. "पत्र दे ना, मेधा. बॉस्टनला जायचंय. मी नुसती कोपऱ्यात उभी राहीन."

"तू? कोपऱ्यात?"

तिला हसू आलं. "बरं, नाही राहणार. पण तू सही कर."

"एवढं काय आहे त्या बॉस्टनमध्ये?"

तिने बूट बांधायला मान खाली घातली. "काही नाही. सगळेच जातात."

मी पुन्हा विचारलं नाही. कुठे दुखतं, कधी दुखतं, वर दुखतं की आत दुखतं, असे सतरा प्रश्न मी त्या पोरीला नऊ महिने विचारत होते. हा एक प्रश्न दुसऱ्यांदा विचारायला काय झालं होतं, ते आजही कळत नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा उडी मोजू आणि मग ठरवू, असं म्हणून मी तिला पाठवलं. म्हणजे निर्णय झालेला नव्हता. हे लक्षात ठेवा.

पुढच्याच आठवड्यात जिन्यावर अनोळखी पावलं वाजली. जड, सावकाश, आणि बाराव्या पायरीवर थांबली. मी म्हटलं हे खेळाडूचे पाय नव्हेत. दारात एक साठीची बाई, हातात टॉवेलात गुंडाळलेला घरी भाजलेला पाव. नीव्हची आई, मॉरीन. वसतिगृहातलं सामान न्यायला गाडी घेऊन आली होती. नीव्ह पेपर देत होती, तेवढ्यात आभार मानायला म्हणून ती वर आली.

मला अगदी पुण्यात असल्यासारखं वाटलं. मी किटली लावली, पाव कापला, तिला खिडकीजवळची खुर्ची दिली. गाईंच्या, पावसाच्या गप्पा झाल्या. मग ती म्हणाली, "आता तीन आठवड्यांनी बॉस्टन. गुडघा बरा झाला ते देवाच्या कृपेने आणि तुमच्या."

आणि मी बोलले. किती सहज बोलले म्हणून सांगू! "अहो, बरा कुठे झालाय अजून? मी तिला सांगितलंय, या उन्हाळ्यात नको. आता फाटला तर पुन्हा खेळणं कठीण. तुम्हीच समजवा तिला, आईचं ऐकेल ती."

मॉरीनचा कप ओठांपाशी थांबला. "ती म्हणाली, तुम्ही पास केलंय."

  वीस वर्षांची मुलगी कायद्याने सज्ञान असते. तिच्या गुडघ्याबद्दल तिला न विचारता कुणाला, अगदी आईलाही, अवाक्षर सांगायचं नाही, या कागदावर मी नोकरीच्या पहिल्या दिवशी सही केली होती. तो कागद मला पाठ होता. पण समोर आई होती, तिने पाव आणला होता, आणि माझी जीभ पुण्याची.

मॉरीनने कप खाली ठेवला. "मोठी तिकडे आहे माझी, ओर्ला," ती म्हणाली. "नऊ वर्षं झाली. व्हिसा संपला तरी राहिली, आता बाहेर पडली तर परत आत घेत नाहीत. आजोबा गेले तेव्हाही नाही आली. तिकडच्या संघाची कॅप्टन आहे, यंदाचा तिचा शेवटचा उन्हाळा. नीव्ह अकरा वर्षांची होती ती गेली तेव्हा. हिला काठी धरायला तिनेच शिकवलं, पण एका संघात दोघी कधी खेळल्या नाहीत. तेवढ्यासाठी जायचं होतं हिला." तिने पावाच्या टॉवेलाची घडी घातली. "घरी एक प्रेस भरलंय ओर्लासाठी. स्वेटर, चहा, तिच्या आवडीचा जॅम. नीव्हबरोबर पाठवणार होते." इथे कपाटाला प्रेस म्हणतात.

मग ती उठली. "एक पोरगी तिकडे अडकलीय. दुसरीचा पाय नाही घालवायचा मला. बरं झालं सांगितलंत." माझा हात हातात घेऊन तिने दाबला आणि ती जिना उतरून गेली. तिने माझे आभार मानले, हे मला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त लागलं.

तीन दिवसांनी नीव्ह घरून परत आली. दोन-दोन पायऱ्या गाळत, रागाने. आणि माझं मेलं लक्ष तेव्हाही तिच्या डाव्या पायाकडे होतं, तो अजून जपूनच पडत होता. ती बसली नाही.

"माझा गुडघा होता, मेधा. आईचा नव्हता."

"नीव्ह, चुकलं माझं."

"खोटं मी तिला बोलले होते. ते खोटं माझं होतं, निस्तरायचं मी होतं. तिने तिकीट परत करायला लावलं. रडली नाही, ओरडली नाही. नुसतं प्रेसचं दार लावून घेतलं." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "मला तू आवडायचीस, कारण तू काही बोलायची नाहीस."

ती गेली. मी विभागप्रमुख डेक्लनकडे जाऊन स्वतःच सगळं सांगितलं. त्याने आधी चहा केला, मग म्हणाला की ही गंभीर चूक आहे आणि नोंद करावी लागेल. केली. योग्यच केलं. नीव्हने मात्र तक्रार केली नाही.

संध्याकाळी घरी डून लेरीला मुलीला, सईला, सांगितलं. ती तेव्हा बारावीला होती. माझं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर येतं ते आयरिश वळणाच्या इंग्रजीत. "आई, यू डिडन्ट!" ती किंचाळली. "तिच्या मम्मीला? यू जस्ट कान्ट डू दॅट!" मी म्हटलं, अगं, आईला सांगणं म्हणजे काय परक्याला सांगणं? तिने माझ्याकडे असं पाहिलं, की नीव्हच समोर उभी आहे असं वाटलं. म्हणाली, "दॅट्स एग्झॅक्टली व्हाय." त्यानंतर सई मला तिच्या गोष्टी सांगण्याआधी दोन क्षण थांबू लागली. ते दोन क्षण अजून आहेत.

वैद्यकीय बाजूने पाहाल तर मी बरोबरच होते. नीव्ह त्या उन्हाळ्यात घरी राहिली, गुडघा पक्का झाला, पुढच्या वसंतात ती काउंटीकडून खेळली आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं. पण माझा जिना ती पुन्हा चढली नाही. बाहेरच्या फिजिओकडे जायची. तिचे कॉलेजचे सामने मी तारेच्या कुंपणाबाहेर छत्री धरून पाहायचे. तिने मान वळवली की छत्री पुढे घ्यायचे.

मला खात असे ते वेगळंच. ती कशासाठी जाते आहे हे मला आधीच कळलं असतं, तर दोन आठवड्यांनी उडी मोजून मधला मार्ग काढता आला असता. जा. जून-जुलै नुसता सराव, मैदानात उतरायचं नाही, व्यायाम मी लिहून देते. ऑगस्टातल्या शेवटच्या सामन्यात शेवटची दहा मिनिटं खेळ, तीही बहिणीच्या शेजारी. त्या गुडघ्याने दहा मिनिटं दिली असती. मी सही केली असती. ओर्लाचा संघ तो शेवटचा सामना खेळला, हरला, आणि ओर्लाने काठी ठेवली, हे मला पुढे डेक्लनकडून कळलं.

तेव्हापासून पत्राच्या अर्जावर सगळ्यात वर मी हाताने एक ओळ लिहायला लागले. "का जायचं आहे?" कॉलेजने ती ओळ कधी छापली नाही, मी दरवर्षी प्रत्येक अर्जावर पेनाने लिहायचे. पोरं आधी "सगळेच जातात" असंच लिहीत. मी अर्ज परत करायचे. मग खरं यायचं. कुणाची मैत्रीण तिकडे होती. कुणी कधी विमानात बसलं नव्हतं. एकाला वडिलांच्या गोठ्यातून तीन महिने सुटका हवी होती आणि ते वडिलांना कळायला नको होतं. ते त्यांना कळलं नाही, तोंड उघडायला मला येतच होतं, मिटायला आता शिकले होते. बऱ्याच जणांना मी अशी मधल्या मार्गाची पत्रं दिली, इतके सामने, इतकी मिनिटं. बहुतेकांनी पाळली. लंगडत परत येणारे कमी झाले, एवढा अभिमान मी बाळगून आहे.

गेल्या वर्षी निवृत्त झाले. शेवटच्या आठवड्यात मी भिंतीवरचे तक्ते उतरवत होते, तेव्हा जिना वाजला. दोघी जणी. एकीची पावलं दोन्ही अगदी सारखी, आणि ती मला ऐकताक्षणी कळली. आठ वर्षांनी ऐकत होते. दुसरीचं उजवं पाऊल प्रत्येक पायरीवर फरपटत होतं.

दारात नीव्ह उभी होती. मोठी दिसत होती, केस आखूड. "अजून दाराकडे पाठ करूनच ऐकतेस?" ती म्हणाली.

"अजून," मी म्हटलं.  डोळे भरून आले होते.

"ही ओर्ला. हिने लग्न केलं, कागद झाले. सतरा वर्षांनी घरी आलीय. हिचा गुडघा बघ. मला ग्रँड म्हणून सांगते."

ओर्ला टेबलावर बसली. हात लावताच समजलं. नीव्हचं फाटलं होतं तेच लिगामेंट, पण फार जुनं, शस्त्रक्रियेविना राहिलेलं. कागद नसलेल्या माणसाने तिकडे कुठल्या डॉक्टरकडे जायचं? पट्टी बांधून दर रविवारी खेळत राहिली होती. मी वर पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं. नीव्ह माझ्याकडे बघत होती.

"मी बाहेर बसते," ती म्हणाली, आणि जाऊन सगळ्यात वरच्या पायरीवर बसली. तिने दार ओढून घेतलं नाही, पण तोंड पलीकडे केलं.

मी ओर्लाला हळू आवाजात सगळं समजावलं. काय फाटलंय, काय झिजलंय, काय करता येईल आणि काय नाही.  शेवटी मी विचारलं, "नीव्हला सांगू का? तुझ्या परवानगीशिवाय नाही सांगणार."

"सांग की," ती हसून म्हणाली. "मी कुठे काय लपवतेय तिच्यापासून. फक्त आईला नको. तिला वाटतं, वयामुळे लंगडते."

तेवढ्यात जिन्याच्या तळाशी पावलं वाजली. जड, सावकाश, एकेक. बाराव्या पायरीवर थांबली, दम घेतला, आणि पुन्हा वर यायला लागली. पायरीवरून उठून नीव्ह दारात आली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. ओर्लानेही पाहिलं.

मी किटली लावली, चार कप काढले, आणि तोंड मिटून पावाची वाट पाहू लागले.